थोरल्या कलमाची वेणीफणी

स्वच्छतेच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! हापूसचं फळ पुसावं तर आत्मारामने, असं आमच्याकडे लोक म्हणतात. म्हणजे आधी मी म्हणायचो, मग ऐकून ऐकून कंटाळलेले लोकही म्हणू लागले, ते असो. आरे-वारेच्या रस्त्याला माझी आंब्याची बाग आहे आणि बागेत फळं निवडायची, पुसायची, पेटीत भरायची शेड आहे. त्या शेडमध्ये माशीसुद्धा पाय पुसून येते. दारावर मी स्वतःच्या हाताने लाल रंगात पाटी रंगवली आहे, ‘पाळीव प्राण्यांस सक्त मनाई’. ही पाटी तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

यंदा आंबा परदेशी पाठवणारी एक कंपनी आमच्या भागातली एकच शेड निवडणार होती. तेजस्वी नावाच्या कुणी मॅडम गुरुवारी तपासणीला येणार होत्या. कुणाची शेड निवडली जाणार हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण मीच घरोघरी सांगून आलो होतो.

आणि तपासणीच्या बरोब्बर दहा दिवस आधी आमची मुलगी मृणाली मुंबईहून आली. तिला कंपनीच्या ट्रेनिंगला महिनाभर बंगळुरूला जायचं होतं. हातात एक टोपली होती.

“बाबा, महिनाभर सांभाळाल ना?”

टोपली उघडली, तर आत गादी पिंजल्यावर निघतो तसला कापूस! कान कुठे, तोंड कुठे, काही पत्ता नाही.

“हा अंगोरा ससा. नाव मफलर,” मृणाली म्हणाली.

“याची पुढची बाजू कुठली?” मी विचारलं.

“कोथिंबीर धरा,” आमची सौ. गोदा म्हणाली, “जी बाजू खाईल ती पुढची.”

मृणालीने दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद आईच्या हातात ठेवला. सशाला आंघोळ अजिबात घालायची नाही. भिजला की आजारी पडतो. रोज फणीने विंचरायचं. सध्या त्याचे केस गळायचे दिवस आहेत, तेव्हा एक दिवसही चुकवायचं नाही. ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात, त्याला ओकता येत नाही, पोटात गोळा होतो. शेवटी लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य होतं : ‘केस गिळलाच, तर भरपूर सुकं गवत द्यावं.’

झालं! गोदा रोज दुपारी पडवीत बसायची, मांडीवर फडकं, फडक्यावर मफलर, हातात फणी. आधी कानामागे, मग मानेखाली, मग पोट. चाळीस मिनिटं! आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या केसांतून तिने एकदाही हात फिरवला नाही. आता फिरवून उपयोगही नाही म्हणा, तिथे फिरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

“चाळीस मिनिटं?” मी हसलो. “तेवढ्यात मी चार पेट्या भरतो! अगं, कामाची काही पद्धत असते.”

“मग करा तुम्ही,” गोदा म्हणाली आणि मफलर माझ्या हातात देऊन आत गेली.

आता पद्धत म्हणजे काय? मी नुकताच पालापाचोळा उडवायचा ब्लोअर घेतला होता. नवाकोरा, बॅटरीवरचा. जो वारा बागेतला पाचोळा उडवतो तो सशाचे सुटे केस उडवणार नाही? मी मफलरला उचललं, शेडमध्ये नेलं आणि ज्या टेबलावर मी फळं निवडतो त्या टेबलावर ठेवलं. पाटीच्या खालूनच गेलो. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

लांबून, अगदी बारीक वारा सोडला. मला वाटलं होतं, घाबरेल. कुठलं काय! मफलरने डोळे मिटले आणि उन्हाळ्यात पंख्याखाली आडव्या झालेल्या पाहुण्यासारखं अंग सैल सोडलं. मी वारा थोडा वाढवला.

आणि ससा सुटला! म्हणजे ससा जागेवरच होता, पण त्याच्यावरून दुसरा एक ससा उठला, हवेत गेला, शेडच्या उघड्या दारातून बाहेर पडला. त्यामागून तिसरा. मग चौथा! चार मिनिटांत टेबलावर एक छोटासा, टापटीप, दोन कान स्पष्ट दिसणारा प्राणी शिल्लक राहिला आणि सगळं पांढरं समुद्राच्या वाऱ्यावर पूर्वेकडे निघून गेलं. केर काढायचीसुद्धा गरज नाही! मी मफलरला गोदासमोर ठेवलं आणि म्हटलं, “चार मिनिटं.”

“केस कुठे गेले?” तिने विचारलं.

“वाऱ्यावर.”

“वारा कुठे गेला?”

हा प्रश्न मला त्या वेळी बायकी वाटला. पण तुम्हाला सांगायला हवं, की आमच्या पूर्वेला काशीरामची बाग आहे. मध्ये छातीएवढा चिऱ्याचा गडगा, आणि गडग्याला लागूनच त्याचं थोरलं कलम. हे झाड काशीरामच्या आईने, हौसाआजीने लावलेलं. उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून डोक्यावर कळश्या आणून आणून तिने ते कातळात जगवलं. म्हातारी जाऊन बारा वर्षं झाली, पण काशीराम अजून घराबाहेर पडताना त्या झाडाच्या खोडाला हात लावून मगच निघतो. आणि यंदा तुडतुड्यांमुळे सगळ्यांच्याच कलमांच्या पानांवर चिकटा आलेला. म्हणजे पानं काकवी लावल्यासारखी चिकट. त्यावर केस बसले की काय होईल, हे तुम्हाला कळलं. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

“आत्माराम! आत्माराम, मेलो मी!”

काशीराम गडग्यावरून उडी मारून आला. वय वर्षं साठ. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आंब्याची डहाळी, डहाळीवर पांढरं कापसासारखं काहीतरी.

“पिठ्या पडला रे! पिठ्या ढेकूण! सगळं थोरलं कलम पांढरं झालंय बघ!”

आता हे तुम्हीच सांगा. आंबेवाल्याने झाडावर पांढरं, कापसासारखं काही बघितलं तर तो काय समजेल? पिठ्याच समजेल! मी भिंग आणलं. भिंगातून बघितलं. लांब, मऊ, रेशमासारखा केस. एका टोकाला जरा कुरळा. मी ओळखला. काल दुपारी मीच त्याला निरोप दिला होता.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे ती पाटी आली. गुरुवार आला. शेडमध्ये जनावर नेलं, तेही निवडायच्या टेबलावर, हे मॅडमच्या कानावर गेलं तर? शिवाय आठच दिवसांपूर्वी मी बागायतदारांच्या बैठकीत काशीरामला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “रोगराई नेहमी तुझ्या बागेतून येते!” मी घसा खाकरला.

“पिठ्याच दिसतो,” मी म्हणालो.

खोटं बोललो. लाज वाटते सांगायला, पण बोललो. मनात म्हटलं, उद्यापरवा वारा सुटेल, केस उडून जातील, कोंबडं झाकलेलं राहील.

कसलं राहतंय! काशीरामने माझ्याकडे येण्याआधीच ‘हापूस परिवार’ या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला होता. अर्ध्या तासात एकशे चाळीस मेसेज! कुणी म्हणे पिठ्या, कुणी म्हणे भुरी, कुणी म्हणे उसावरचा लोकरी मावा आंब्यावर आला. त्या शेवटच्या माणसाला मी मनात नमस्कार केला, लोकरीपर्यंत तरी पोचला होता बिचारा.

मग वजीरभाई आले. काशीरामच्या पलीकडची बाग वजीरभाईंची. बावीस वर्षं कुवेतला स्टोअरकीपर होते. जगात जे जे काही आहे ते त्यांनी आधी कुवेतला बघितलेलं असतं. त्यांनी डहाळी नाकाशी नेली, बोटांत चोळली.

“हे मी कुवेतला बघितलंय. खजुरावर.”

“मग? काय केलात तिथे?” काशीरामने जीव मुठीत धरून विचारलं.

“काय करणार? झाडं तोडली. जाळली. एका झाडानं चाळीस झाडं घालवली होती.”

काशीराम मटकन गडग्यावर बसला.

आता मला एकच सुचलं. काशीराम जेवून झोपला की थोरल्या कलमावर चढायचं आणि केस काढून टाकायचे. रोग दिसला नाही की चर्चा संपली. भर दुपारी दोन वाजता मी गडगा ओलांडला. केस काढायला काय लागतं? फणी! मफलरची फणी खिशात होतीच. कलमाच्या मधल्या बेचक्यात बसलो आणि एकेक पान हातात घेऊन विंचरू लागलो. आधी वरून, मग खालून, मग देठाशी. गोदा करायची तसंच. साठेक पानं झाली असतील.

“आत्माराम?”

खाली काशीराम उभा. लुंगीवर, डोळे चोळत.

“वर काय करतोयस?”

“विंचरतोय,” मी म्हणालो.

“झाडाला?”

“झाडाला.”

काशीरामने माझ्या हातातल्या फणीकडे बघितलं, पानाकडे बघितलं. मला वाटलं, आता ओळखणार! तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“माझा सख्खा भाऊ मुंबयला हाय,” तो म्हणाला. “फोन केला तर ‘बघू’ बोल्ला. आणि तू? भर उन्हात, या वयात, माझ्या आवशीनं लावलंन त्या झाडाला फणी करतोयस! आठ दिवसांमागं तू मला कायबाय बोललास त्याचा मी राग धरला रे. मला माफ कर!”

माफी तो मागत होता! मला! मी वरून म्हटलं, “असू दे, असू दे.” असं म्हणण्याइतका निर्लज्ज माणूस मी त्याआधी फक्त आरशात बघितला असेल.

संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर. ‘शेजारधर्म! आत्मारामदादांची फणी पद्धत! औषध नको, फवारणी नको!’ दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापली झाडं तपासली, जाळं दिसलं तरी पिठ्या, धूळ दिसली तरी पिठ्या! तिसऱ्या दिवशी वाडीत ज्याच्या त्याच्या कलमावर माणूस आणि माणसाच्या हातात फणी. बाजारातल्या दुकानदाराने मला रस्त्यात थांबवून विचारलं, “काय हो, लांब दात्याची चांगली की बारीक दात्याची?” मी म्हटलं, “झाडाच्या प्रकृतीवर आहे.” तुम्हाला खोटं वाटेल, पण गणपतीपुळ्याला आलेल्या एका पर्यटकांच्या गाडीने थांबून व्हिडिओ काढला. त्यांना वाटलं, हापूस इतका गोड का होतो याचं गुपित सापडलं.

वजीरभाई फक्त मान हलवत होते. “कुवेतला हे नव्हतं,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

चार दिवस विंचरून काशीरामचं कलम स्वच्छ झालं. मी सुटकेचा श्वास सोडला. आणि मंगळवारी सकाळी गडग्यापलीकडून पुन्हा तीच हाक! “आत्माराम! परत आलाय!”

परत? ब्लोअर तर मी त्या दिवसापासून कपाटात कुलूप लावून ठेवला होता! मी धावत घरात गेलो.

“गोदा, मफलरचे केस तू कुठे टाकतेस?”

“टाकते कुठे? फणी झाली की फडकं झटकते.”

“कुठे झटकतेस?”

“मागं. गडग्यावरून पलीकडे.”

“पलीकडे का?”

“मग काय आपल्या खळ्यात झटकू?” गोदा चकित होऊन म्हणाली. “केर होईल ना!”

गडग्याचा उपयोगच तो! काशीरामच्या घरचे नारळाच्या शेंड्या अलीकडे टाकतात, आम्ही पाचोळा पलीकडे टाकतो, पिढ्यान् पिढ्या चाललंय. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आत्ताच्या आत्ता काशीभाऊजींना सांगून या.”

“गुरुवार होऊ दे. तपासणी झाली की सांगतो.”

“गुरुवारपर्यंत काही झालं तर?”

“दोन दिवसांत काय होतंय!”

बुधवारी संध्याकाळी काशीराम स्वतःच आला. खाली मान घालून पडवीच्या पायरीवर बसला. मफलरला आम्ही घाईघाईने तांदळाच्या पिंपामागे सरकवलं.

“आत्माराम, मी ठरवलंय,” तो म्हणाला. “उद्या सकाळी थोरलं कलम तोडतोय.”

“अरे, फळं धरलीत त्याच्यावर! भरलेलं झाड!”

“धरलीत तर धरलीत. रोग तिथंच हाय. पुसला तरी परत तिथंच येतो. वजीरभाई बोलले ना, एका झाडानं चाळीस घालवलीन. माझं एक गेलं तर गेलं, पन तुझी बाग वाचली पायजे. उद्या तुझ्याकडं मॅडम यायच्यात. गडग्याला लागून रोगट झाड दिसलं तर तुझी शेड कोण घेईल?” त्याने डोळे पुसले. “आवस असती तर तीच बोलली असती, शेजाऱ्याचं नुकसान करू नको.”

गोदाने माझ्याकडे असं बघितलं, की तिच्या त्या नजरेने झाड मुळासकट उपटलं असतं.

“आणि एक काम हाय तुझ्याकडं,” काशीराम जाता जाता म्हणाला. “झाडाला हत्यार लावायच्या आधी गाऱ्हाणं तू घाल. तुझा आवाज मोठा हाय.”

आमच्याकडे मोठं काही करायचं तर आधी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावात माझ्याएवढा आवाज कुणाचा नाही. त्या क्षणी मला वाटलं, मी मुका असतो तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी थोरल्या कलमाखाली पन्नास माणसं. सगळ्यांच्या खिशात फण्या. करवतवाला आपली यंत्राची करवत घेऊन बाजूला. काशीराम खोडाला हात लावून उभा होता, तो हात काढायलाच तयार नव्हता. वजीरभाई टोपी नीट करत एका अंगाला उभे. मी नारळ हातात घेतला. ठरवलं होतं, नेहमीचं गाऱ्हाणं घालायचं, तोडणी उद्यावर ढकलायची काहीतरी युक्ती काढायची. मॅडम दहाला येणार, साडेनऊ वाजले होते.

“बा देवा म्हाराजा!” मी सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा!”

“तू या गावचा राखणदार! आज तुझं लेकरू काशीराम आपल्या आवशीच्या झाडाला हत्यार लावतंय!”

“व्हय म्हाराजा!”

काशीरामच्या गालावरून पाणी ओघळलं आणि नेमकं ते मला दिसलं. पुढचं नेहमीचं वाक्य, ‘काय चुकलंमाकलं असेल तर’, ओठांवर होतं. ते आलं आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं आलं.

“काय चुकलंमाकलं असेल तर ते काशीरामचं नसेल!”

“व्हय म्हाराजा!”

“झाडावर जो रोग दिसतोय तो रोग नसेल!”

“व्हय म्हाराजा!”

“ते सशाचे केस असतील!”

“व्हय म्हाराजा!”

“ते कुणा शहाण्यानं शेडमध्ये ब्लोअर लावून उडवले असतील!”

“व्हय म्हाराजा!” आवाज आणखीच चढला.

“बाकीचे त्याच्या बायकोनं गडग्यावरून झटकले असतील!”

“व्हय म्हाराजा!”

“तो शहाणा तुझ्यापुढे नारळ धरून उभा असेल! त्याला क्षमा कर आणि हे झाड राख रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले, कपाळाला लावले. आणि कुणी काही बोलेना! कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही! मी पन्नास माणसांसमोर सगळं कबूल केलं होतं आणि एकालाही कळलं नव्हतं. आता खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, देवाला सांगून झालं, माणसांना कळलं नाही, यापेक्षा उत्तम काय?

घर्र्र! करवतवाल्याने यंत्र सुरू केलं. तोंड उघडलं, तर आयुष्यात पहिल्यांदा आवाज फुटेना.

“ए! थांब! बंद कर ते!”

वजीरभाई! ते ‘व्हय म्हाराजा’ म्हणत नव्हते, नुसते ऐकत होते. पन्नास माणसांत ऐकणारे ते एकटेच!

“तुम्ही सगळे व्हय व्हय करताय,” वजीरभाई ओरडले, “आत्माराम काय बोलला ते ऐकलात काय?”

“गाऱ्हाणं ऐकायचं असतं काय?” काशीराम म्हणाला. “ते देवासाठी असतं!”

“अरे, तो बोलतो, हे सशाचे केस आहेत!”

“कसला ससा?” पन्नास जण म्हणाले.

तेवढ्यात गडग्यावरून आमची गोदा आली. एका काखेत मफलर, दुसऱ्या हातात ब्लोअर. मी लपवलेली किल्ली तिला कशी सापडते, हे मला चौतीस वर्षांत कळलेलं नाही. तिने मफलरला गडग्यावर ठेवलं आणि ब्लोअर माझ्या हातात दिला. “दाखवा,” म्हणाली. “तुमची पद्धत.”

मी बारीक वारा सोडला. मफलरने डोळे मिटले, अंग सैल सोडलं आणि पांढरा ढग उठून अलगद तरंगत माणसांवर गेला. सगळ्यात मागे काळ्या कपड्यांतली एक मुलगी वहीपेन घेऊन उभी होती. ढग तिच्यावर बसला. काळ्याची पांढरी झाली!

“तुम्ही कोण, बाई?” मी विचारलं.

“तेजस्वी. शेडच्या तपासणीला आलेय. मघापासून इथेच आहे.”

“म्हणजे गाऱ्हाणं...”

“मी पण कोकणातलीच, हेदवीची. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून आपोआप ‘व्हय म्हाराजा’ निघतं,” ती केस झटकत म्हणाली. “काय बोललात ते आत्ता कळलं.”

काशीरामने खांद्यावरचा एक केस चिमटीत धरला, उजेडात बघितला. मग पानावरचा केस काढला. दोन्ही शेजारी धरले. मग वळून त्याने थोरल्या कलमाच्या खोडाला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. माझेही डोळे भरले. मी पुढे झालो, त्याच्या पाठीवर हात ठेवायला.

“काशीराम,” मी म्हटलं.

काशीरामने पायातली चप्पल काढली!

त्या सकाळी थोरल्या कलमाला माझ्या साडेचार प्रदक्षिणा झाल्या. साडेचारच, कारण पाचवीला काशीरामला दम लागला आणि त्याने चप्पल फेकून मारली. नेम चुकला. ती करवतवाल्याला लागली, त्याचा काही संबंध नसताना.

तेजस्वी मॅडमनी शेड बघितली. पाटी वाचली. निवडायच्या टेबलावरून बोट फिरवलं, ते बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर मफलर होता, थोडासा. मग त्या काशीरामच्या शेडमध्ये आणि बागेत गेल्या आणि तासभर बाहेर आल्या नाहीत.

“एकेक पान हाताने साफ केलेलं झाड मी आजवर बघितलं नाही,” त्या म्हणाल्या. “इतकी मेहनत कुणी घेतली?”

“आत्मारामनं घेतलीन,” काशीराम माझ्याकडे न बघता म्हणाला.

निवड काशीरामच्या शेडची झाली.

पुढचे दहा दिवस काशीराम माझ्याशी बोलला नाही. रोज सकाळी गडग्यावर फणी ठेवून जायचा, तेवढंच. मी ती उचलायचो आणि त्याच्या उरलेल्या बत्तीस कलमांपैकी एकावर चढायचो. महिना संपल्यावर मृणाली आली, मफलरला बघून हरखली. “बाबा, किती छान ठेवलंत याला! एकसुद्धा गुंता नाही!” मी म्हटलं, कामाची काही पद्धत असते. गोदा खोकली.

एप्रिलच्या शेवटी काशीराम गडग्यावरून आला. एक पेटी पडवीत ठेवली. थोरल्या कलमाची पहिली फळं, पेंढ्यात नीट मांडलेली. “आवस पयली पेटी नेहमी शेजारी द्यायची,” एवढं म्हणून गेला. मी तिथेच बसलो आणि एक आंबा चोखायला घेतला. काय सांगू तुम्हाला त्याची चव! डोळे मिटले आणि मनात म्हटलं, हे झाड आपण तोडायला निघालो होतो.

तेवढ्यात जिभेला काहीतरी लागलं. लांब, मऊ, एका टोकाला जरा कुरळं.

“काय झालं?” गोदाने विचारलं.

“कुठे काय!” मी म्हटलं आणि गिळला.

गोदा उठली, फडताळातून मृणालीचा दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद काढला, चष्मा लावला आणि लाल शाईतल्या ओळीवर बोट ठेवलं.

“सुकं गवत आणू?”